चोथा नसलेला चहा

मुक्ताईनगरात चहा म्हणजे उकळी. सुरत-नागपूर महामार्गावरच्या टपरीत सकाळी चढलेलं पातेलं रात्रीपर्यंत उतरत नाही. पत्ती, साखर, आलं आणि म्हशीचं दूध एकमेकांत मुरेपर्यंत उकळायचं, गाळायचं आणि चोथा फेकून द्यायचा. माझी पुण्याची पुतणी एका दिवाळीत हिरव्या भुकटीचा छोटा डबा घेऊन आली आणि तिने घरातल्या सगळ्यांना माचा लाटे करून दिला. सासूबाईंनी कप हातात घेतला आणि विचारलं, "याचा चोथा कुठाय?"

माचा या जपानी चहात चोथा नाहीच. चहाचं पान पूर्ण दळलं जातं आणि ते दळण आपण पिऊन टाकतो. पुतणी परत गेली, डबा माझ्याकडे राहिला, आणि तेव्हापासून हे पेय आमच्या घरी नेमाने होतं. या काळात जे हाती लागलं, त्याचं मूळ सासूबाईंच्या त्या प्रश्नात आहे. मध्ये गाळणी नसल्यामुळे पानाचा कस, पाण्यातले क्षार, डब्यातला शिळेपणा हे सगळं थेट पोटात जातं. माचा करायचा म्हणजे या प्रत्येक गोष्टीकडे लक्ष द्यायचं. घरी करून पाहणाऱ्यांसाठी माझे हे अनुभव लिहिते आहे.

१. डब्यावरची विशेषणं वाचू नका, भुकटी बघा.

'सेरेमोनियल ग्रेड' हे शब्द पाहून माणूस दुप्पट पैसे मोजतो. जपानमध्ये अशी कायद्याने ठरवलेली प्रतवारी नाही. विकणारा हे शब्द स्वतःच छापतो. खरी प्रत मळ्यात ठरते. तोडणीच्या आधी साधारण तीन ते चार आठवडे चहाची झुडपं झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि थिअनीन नावाचं अमिनो आम्ल टिकून राहतं. माचाची ती गोडसर, भरीव चव त्याचीच. मग पानं वाफवतात, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेल्या पानाच्या तुकड्यांना 'तेंचा' म्हणतात. ते दगडी जात्यावर दळले की माचा होतो. क्योतोजवळचं उजी आणि आइची प्रांतातलं निशिओ ही यासाठी नावाजलेली गावं.

जात्याची गती ऐकून मी थक्क झाले होते. एका तासात एका जात्यातून ३० ते ४० ग्रॅमच भुकटी पडते, कारण वेगाने दळलं तर ती तापते आणि वास जातो. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या त्यांना हे वेगळं समजवावं लागलं नसतं. म्हणजे ३० ग्रॅमचा डबा हे एका जात्याचं जवळपास तासाभराचं काम आहे. तो फार स्वस्त मिळत असेल, तर आत बहुधा उन्हात वाढलेल्या पानांची साधी ग्रीन टी पावडर असते. चिमूटभर भुकटी पांढऱ्या कागदावर बोटाने ओढून बघा. चांगला माचा सलग, गर्द हिरवी रेघ सोडतो. रेघ पिवळट आणि खरखरीत आली, तर ती भुकटी केकमध्ये घाला. कपात घालू नका.

२. उन्हाळ्यात मागवू नका, आणि साठा करू नका.

हे खास आमच्या भागासाठी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे झुकतो. अशा दिवसांत कुरिअरचं पुडकं गोदामात, टेम्पोत, मग दुपारी कुणाच्या तरी दुचाकीवर तापत दारापर्यंत येतं. डबा सीलबंद असला तरी ती उष्णता आतल्या हिरव्या रंगाला सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मागवण्याचा काळ. उन्हाळ्यासाठी हवा असेल तर होळीच्या आत घरात आणून फ्रिजमध्ये ठेवावा.

माचाचे वैरी चार: ऊन, उष्णता, हवा आणि ओल. उघडलेला डबा महिना-दीड महिन्यात संपवावा, म्हणून ३० ग्रॅमच्या वर घेऊ नये. एका कपाला २ ग्रॅम धरले तर डब्यात १५ कप होतात. किमतीला १५ ने भागा, त्यात दूध धरा, म्हणजे एका कपाचा खरा हिशेब कळेल. मग रोज प्यायचा की रविवारी, हे ज्याने त्याने ठरवावं. फ्रिजमध्ये ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात, लसणाच्या चटणीपासून लांब ठेवा, कारण ही भुकटी शेजारचा वास पटकन ओढून घेते. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. तो बाहेरच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड भुकटीवर पाणी होऊन बसते आणि गुठळ्या धरतात.

साठा न करण्याला आणखी एक कारण आहे. २०२४ च्या शरदात जगभरातून इतकी मागणी आली की इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या क्योतो प्रांतातल्या जुन्या पेढ्यांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. चहाचं नवं झुडूप तोडणीला यायला काही वर्षं जातात. मागणी वाढली म्हणून माल लगेच वाढत नाही. पिणाऱ्याने आपल्यापुरतं घ्यावं.

३. आधी पाणी, मग बाकी सगळं.

माझ्या मते मुक्ताईनगरात माचाची चव सर्वांत जास्त ठरते ती पाण्यावर. जपानच्या नद्या आखूड आणि उताराच्या, पाणी दगडात फार रेंगाळत नाही, म्हणून ते मऊ असतं. तिथला चहा अशाच पाण्यावर घडला. आपल्याकडे तापी-पूर्णेच्या गाळात खोल गेलेल्या बोअरचं पाणी जड असतं. पातेल्याच्या तळाला, गिझरच्या कॉइलला बसणारा पांढरा थर आपण रोज बघतो. पूर्णेच्या वरच्या अंगाला, अकोला-बुलढाणा-अमरावतीत, तर खारपाणपट्टाच आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पाण्याची पातळी वर्षानुवर्षं खाली जाते आहे आणि बोअर अधिकाधिक खोल जात आहेत.

जड पाण्यातलं कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळतं, रंग मळकट होतो आणि वर तवंग धरतो. उकळलेल्या दुधाच्या चहात हे साखर-आल्याखाली झाकून जातं. माचात ते लपत नाही: हिरवा रंग राखाडीकडे जातो आणि फेस धरत नाही. तेच दूध, तीच भुकटी घेऊन एक कप बोअरच्या पाण्यात आणि एक फिल्टरच्या पाण्यात करून शेजारी ठेवा. फरक सांगावा लागत नाही.

घरी आरओ असेल तर ते पाणी वापरा. आरओतून वाया जाणारं पाणी मात्र बादलीत धरा आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला घ्या. ज्या भागात पाणी इतकं खोल गेलंय तिथे ते मोरीतून सोडून देणं मला सहन होत नाही. आरओ नसेल तर जुना उपाय आहे. पाणी चांगलं उकळा, झाकून ठेवा, निवळू द्या आणि तळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. उकळल्याने चुन्याचा बराच भाग खाली बसतो. खारटपणा मात्र याने जात नाही.

४. उकळतं पाणी घालू नका. थर्मामीटर लागत नाही.

माचाला पाणी ७० ते ८० अंशांचं लागतं. त्यापेक्षा गरम झालं की कडू-तुरटपणा पुढे येतो आणि गोडी मागे पडते. साधा हिशेब असा: तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग माठातलं पाणी एकत्र केलं की सुमारे ८० अंश होतात. एका कपाला ६० मिलिलिटर पाणी पुरतं. तीन मोठे चमचे उकळतं, एक मोठा चमचा माठातलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतलंत तर हा हिशेब चुकतो, कारण ते नळातूनच कढत येतं.

५. चाळा.

भुकटी इतकी बारीक असते की कोरड्या हवेतही तिचे कण एकमेकांना चिकटून गोळ्या धरतात. एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम, बारीक जाळीच्या गाळणीतून वाटीत चाळून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे टाळलं तर कितीही घुसळा, तळाशी कडू गोळे राहतात.

६. चासेन असेल तर उत्तम, नसेल तर रवी चालते.

चासेन म्हणजे बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरलेली, बारीक काड्यांची घुसळणी. जपानमधल्या नारा प्रांतातलं ताकायामा हे गाव पिढ्यान् पिढ्या ती करत आलं आहे. ती कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून मगच वापरायची. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात न भिजवता वापरली तर काड्या तडकतात, आणि पावसाळ्यात ओली डब्यात बंद केली तर बुरशी धरते. धुऊन, झटकून, उघड्यावर उभी ठेवा. साबण लावू नका.

हात गोल फिरवायचा नाही, मनगटातून भरभर पुढे-मागे करायचा. घरातल्या ताकाच्या लहान लाकडी रवीनेही काम होतं. त्यासाठी अरुंद, उभं भांडं घ्यावं. फेस थोडा जाड येतो, पण लाटेत वरून दूधच पडणार असल्याने बिघडत नाही. रवी माचासाठी वेगळी ठेवा. ताकाची आंबूस चव लाकडात मुरलेली असते. बॅटरीची फेसणी स्वस्त आहे आणि चांगली चालते. झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत कोमट पाणी आणि भुकटी घालून जोराने हलवलं तरी चालतं, पण पाणी कढत असेल तर हे करू नका, झाकण उडतं.

७. दूध गायीचं की म्हशीचं?

जपानी चहाविधीत माचात दूध नसतं. लाटे ही हॉटेलांतून आलेली अलीकडची रीत आहे, आणि आपल्या दुधाळ घरांत ती सहज रुजते. इथे मात्र निवड करावी लागते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, गायीच्या दुधात साधारण साडेतीन ते चार. म्हशीचं दूध जिभेवर थर धरतं आणि माचाचा नाजूक सुवास त्याखाली दबतो. दुसरीकडे, गायीच्या दुधात कॅरोटीनची पिवळी झाक असते आणि म्हशीचं दूध शुभ्र, म्हणून हिरवा रंग म्हशीच्या दुधातच जास्त खुलतो. पाहुण्यांना फोटो काढायचा असेल तर म्हैस, चवीने प्यायचं असेल तर गाय, असं माझं मत आहे. म्हशीचंच वापरणार असाल तर साय पूर्ण काढा आणि भुकटी २ ऐवजी ३ ग्रॅम घ्या.

गवळ्याकडून आलेलं दूध आधी उकळायलाच हवं. कच्च्या दुधातून होणारे आजार खरे आहेत आणि लाटेच्या चवीसाठी तो धोका घेऊ नये. उकळा, निवू द्या, साय काढा, मग पुन्हा फक्त गरम करा. पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, ते थेट गरम करून चालतं. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरू लागले की उतरवा. तेव्हा दूध साधारण ६० ते ६५ अंशांवर असतं. तेवढ्या उष्णतेत दूध गोड लागतं आणि फेस चांगला धरतो. उतू जाण्याच्या बेतात आलेल्या दुधाला शिजल्याचा वास येतो आणि तो माचाला मारतो.

१५० मिलिलिटर दूध एका कपाला पुरेसं. आधी दूध, वरून घुसळलेला माचा, की उलट? दोन्ही तऱ्हांनी चव तीच. ओट्सचं, बदामाचं दूध ज्यांना गायी-म्हशीचं पचत नाही त्यांनी घ्यावं. इतरांनी त्यामागे लागण्याचं कारण नाही.

८. गोडीला गूळ नको, केळं हवं.

गुळाला स्वतःची चव फार, शिवाय गरम दूध फाटण्याची भीती. गरम लाटेत खडीसाखर पुरते, तीही आपल्या चहाच्या निम्मी. पण उन्हाळ्यासाठी आमच्या भागाकडे याहून मोठी गोष्ट आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकेकाळी इथे बसराई, श्रीमंती या जाती होत्या. नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं आणली आणि बागांचं रूप बदललं. सालीवर काळे ठिपके पडलेलं पूर्ण पिकलेलं ग्रँड नैन केळं सोला, चकत्या करून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दुपारी थंड दूध आणि थोड्या कोमट पाण्यात घुसळलेला माचा घालून मिक्सरला फिरवा. साखरेची गरज नाही, बर्फाची नाही, आणि घट्टपणा असा येतो की शहरातल्या कॅफेत मिळत नाही. वादळाने बागा आडव्या होतात, भाव पडतो, अशा दिवसांत दारावर आलेल्या केळीवाल्याशी घासाघीस न करता एक फणी जास्त घ्यावी, असं मला वाटतं.

भुकटी थेट थंड दुधात मात्र टाकू नका. ती विरघळणारी नाही, तरंगत राहते. आधी कोमट पाण्यात घुसळणं इथेही चुकत नाही.

९. आलं, वेलची, चहा मसाला घालू नका.

घातलं तर मसाला लागतो, माचा लागत नाही. तशी चव हवी असेल तर आपला उकळीचा चहाच करावा, तो उत्तम आहे.

१०. जागराला चालतो, उपासाला नको.

इसवी सन ११९१ मध्ये एइसाई नावाचा झेन भिक्षू चीनमधून जपानला परतताना चहाचं बी घेऊन आला. १२११ मध्ये त्याने चहा आणि प्रकृती यांवर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. ते बी जपानला आलं, ती संत मुक्ताईच्या जन्माआधी सुमारे ९० वर्षं मागची गोष्ट. ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये म्हणून हा चहा घुसळला जाई. आमच्याकडे कोथळीच्या मुक्ताई मंदिरात एकादशीला भजनाचा जागर असतो, तेव्हा चहाची किटली फिरते, हेतू तोच.

पण २ ग्रॅम माचात साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि ते पूर्ण पोटात जातं. दिवसभर काही न खाता रात्री रिकाम्या पोटी हा प्यायला तर मळमळतं, छातीत धडधडतं. एकादशी धरणाऱ्यांनी आधी शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू असं काही खावं. जागर नसेल तेव्हा संध्याकाळी पाचनंतर मी घरात कुणाला माचा देत नाही. म्हाताऱ्यांची झोप आधीच हलकी असते. लहान मुलांना तर नाहीच. ते हिरवं, गोड दूध दिसतं, मुलं मागतात. त्यांना केळ्याचं दूध द्यावं. गरोदर बाईने दिवसभराचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं आहे. यात चहा आणि कॉफीही धरायची, एकटा माचा नाही.

११. औषध म्हणून पिऊ नका, आणि जेवणाच्या जवळ पिऊ नका.

वजन उतरतं, कर्करोग टळतो, असे दावे डब्यावरही असतात आणि ओळखीच्या बायकांच्या तोंडीही. त्यात दूध घातलं की दुधातलं केसीन चहातल्या कॅटेचिन द्रव्यांना धरून ठेवतं, हे कुणी सांगत नाही. लाटे चवीसाठी प्यावा. चव चांगली आहे, तेवढं कारण पुरेसं आहे.

याहून महत्त्वाचं सांगायचं आहे ते लोहाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या ताटातलं लोह कळण्याच्या भाकरीतून, पालेभाजीतून, डाळीतून येतं, आणि नेमकं हेच वनस्पतीतलं लोह चहामुळे कमी अंगी लागतं. उकळीच्या चहाचंही असंच आहे. माचात तर पूर्ण पान आहे. म्हणून ज्या घरात मुलगी शाळेतून आठवड्याची निळी गोळी घेते, सुनेला बाळंतपणातली लाल गोळी चालू आहे, किंवा तुम्हालाच पायऱ्या चढताना धाप लागते, त्या घरात एवढं करा: माचा असो की साधा चहा, जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास घेऊ नका. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर किंवा दुधाबरोबर कधीही नको. सकाळी दहा-साडेदहाला, नाश्ता जिरल्यावर आणि जेवणाला अजून वेळ असताना, सावकाश एक कप घ्या.